खाद्यामुळे माशाचे जनुक 'जागे होते' म्हणजे नेमके काय होते?

दांडियाबजार

नमस्कार. मी बडोद्यात राहते आणि शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. माझ्या आतेभावाची सावली तालुक्यात दोन तळी आहेत आणि त्यांत तो रोहू, कटला आणि मृगळ एकत्र वाढवतो. गेल्या महिन्यात एका खाद्य कंपनीचा विक्रेता त्याच्याकडे येऊन चार पानांचे माहितीपत्रक ठेवून गेला. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार मांडायची नसून एक गोष्ट समजून घ्यायची आहे.

पत्रकात एक स्तंभालेख आहे. साध्या खाद्यावर वाढलेल्या रोहूच्या यकृतात 'डेल्टा-६ डिसॅच्युरेज' या जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे ते जनुक किती जोरात वाचले जाते तो आकडा, एक धरली, तर कंपनीच्या खाद्यावर वाढलेल्या रोहूत ती तीन आहे, असे त्यात दाखवले आहे. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिले आहे की, हे खाद्य ओमेगा-३ तयार करणारे जनुक जागे करते आणि त्यामुळे मासा अधिक पौष्टिक होतो. भाऊ आजवर तळ्यात तेल काढलेला तांदळाचा कोंडा आणि पेंड, म्हणजे इथे ज्याला खोळ म्हणतात ती, मिसळून घालत आला आहे. नवे खाद्य त्यापेक्षा बरेच महाग आहे. त्याने मला सरळ विचारले, "ताई, तू हे शिकवलेस ना? मग जनुक तीनपट झाले म्हणजे माशात ओमेगा-३ तीनपट झाले, असे मी गिऱ्हाइकाला सांगू का?"

मला उत्तर देता आले नाही. जनुकापासून संदेशवाहक आरएनए आणि त्यापासून प्रथिन तयार होते, एवढे मी अनेक वर्षे फळ्यावर काढले आहे. परंतु यकृतातील आरएनए मोजून ताटातल्या तुकडीविषयी काय म्हणता येते, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता. येथे या विषयात प्रत्यक्ष काम केलेले सदस्य असतील, तर त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मत्स्यपोषण

ताई, आपला प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. मी मत्स्यपोषणाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी रसायन पाहू. जवस, मोहरी किंवा सोयाबीन यांच्या तेलात जे ओमेगा-३ असते ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल होय, आणि त्याची साखळी अठरा कार्बनांची असते. माणसाच्या हृदयासाठी आणि मेंदूसाठी ज्याचे महत्त्व सांगितले जाते ते ईपीए वीस कार्बनांचे आणि डीएचए बावीस कार्बनांचे असते. अठरावरून बावीसवर जायचे, तर यकृतातील विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, आळीपाळीने दोन कामे करावी लागतात. डिसॅच्युरेज हे विकर साखळीत नवा दुहेरी बंध घालते आणि इलाँगेज दोन कार्बन जोडून साखळी लांब करते. या वाटेवरची पहिली पायरी डेल्टा-६ डिसॅच्युरेजची असते. पुढे साखळी चोवीस कार्बनांपर्यंत वाढते, तेथे डेल्टा-६ पुन्हा एकदा लागते आणि मग पेशीतील पेरॉक्सिसोममध्ये दोन कार्बन छाटले जाऊन डीएचए तयार होते. अनेक माशांत मार्ग हाच असला, तरी सर्वांत तो सारखा नाही. झेब्राफिशमध्ये एकच विकर डेल्टा-६ आणि डेल्टा-५ ही दोन्ही कामे करते, असे स्टर्लिंग विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली दाखवले. रॅबिटफिशच्या एका जातीत तर डेल्टा-४ डिसॅच्युरेज सापडले, म्हणजे तिला चोवीस कार्बनांचा वळसा टाळून थेट डीएचए करता येते. पृष्ठवंशी प्राण्यांत असे विकर सापडण्याची ती पहिली वेळ होती, आणि ती २०१० मधली गोष्ट आहे.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. डेल्टा-६ चे जनुक केव्हा जोरात वाचले जाते? माशाच्या आहारात तयार ईपीए आणि डीएचए भरपूर असतील, तर ती मेदाम्ले यकृतातील एसआरईबीपी-१ या नियंत्रक प्रथिनाला दाबून ठेवतात आणि त्याच्या हुकमाखालची, मेद घडवणारी जनुके मंद होतात. आहारातून माशाचे तेल काढून त्या जागी वनस्पती तेल घातले की हा दाब उठतो आणि डेल्टा-६ चा संदेशवाहक आरएनए वाढतो. म्हणजे ही वाढ बहुतेक वेळा तुटवड्याची खूण असते. आपल्या इमारतीच्या गच्चीवरील टाकी भरत नसेल, तर खालची मोटार जास्त वेळ चालते. मोटार तीनपट वेळ चालली म्हणून टाकीत तीनपट पाणी आहे, असे आपण म्हणत नाही. उलट विहिरीत पाणी किती आहे, हे आधी पाहतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. या विषयावर सर्वांत जास्त काम अटलांटिक सामन म्हणजे सॅल्मन या माशावर झाले आहे, कारण तेथे गरज सर्वांत मोठी होती. नॉर्वेत १९९० साली सामनच्या खाद्यातील सुमारे ९० टक्के घटक समुद्रातून येत असत, म्हणजे मासळीचे कूट आणि माशाचे तेल. २०१३ पर्यंत हा वाटा सुमारे ३० टक्क्यांवर आला आणि तेलाच्या जागी मुख्यतः रेपसीड तेल आले. त्यामागचे कारण उघड आहे. जगात माशाचे तेल वर्षाला साधारण दहा लाख टनांच्या आसपास निघते, त्यातील मोठा वाटा पेरूच्या अँकोव्हेटा माशावर अवलंबून असतो, आणि एल निन्योच्या वर्षी तो मासा हाती लागेनासा होतो. मत्स्यपालन वाढत गेले, परंतु तेल वाढले नाही.

वनस्पती तेलावर वाढवलेल्या सामनच्या यकृतात डेल्टा-६, डेल्टा-५ आणि इलाँगेज या जनुकांचा आरएनए वाढलेला अनेक प्रयोगांत दिसला. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसते, म्हणून कोलेस्टेरॉल घडवणारी जनुकेही वर गेली. यकृताने स्वतःच्या ताकदीनुसार प्रयत्न केला, यात शंका नाही. परंतु मांसातील ईपीए आणि डीएचए वाढले का? नाही, ते घटले. स्कॉटलंडमध्ये वाढवलेल्या सामनच्या हजारो नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा २००६ ते २०१५ या काळात मांसातील ईपीए आणि डीएचए यांचे एकत्रित प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. जनुके वर गेली आणि ताटातले ओमेगा-३ खाली आले, ही दोन्ही वाक्ये एकाच माशाविषयी खरी आहेत.

म्हणून पत्रकात दोन गोष्टी शोधाव्यात. तुलनेसाठी जे 'साधे खाद्य' वापरले, त्यात कोणते तेल होते? आणि मांसातील मेदाम्लांचे प्रत्यक्ष मोजमाप कोठे दिले आहे का? या दोन उत्तरांवाचून तो तीनचा आकडा काहीही सांगत नाही.

तळेवाला

मी पादरा बाजूला मासे वाढवतो. माझे शिक्षण या विषयातले नाही, परंतु एक गोष्ट विचाराविशी वाटते. सामन पिंजऱ्यात राहतो आणि मालक देईल तेच खातो. आमच्या तळ्यात शेणखत पडते, पाणी हिरवे होते आणि मासा त्यातलेही खातो. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. खोळ आणि कोंडा हे त्यांचे अर्धेच जेवण असते. मग खाद्याच्या तेलाचा एवढा हिशेब आमच्या माशाला लागू होतो का? आणि आम्ही जी खोळ वापरतो, तिच्यात ते अठरा कार्बनवाले ओमेगा-३ असते तरी का?

मत्स्यपोषण

आपला आक्षेप योग्य आहे आणि बंद टाकीत केलेले प्रयोग वाचताना तो नेहमी मनात ठेवायला हवा. तळ्यातील शैवाल ओमेगा-३ चा खरा स्रोत आहे, आणि त्यातही डायटम म्हणजे करंडक वनस्पतींत ईपीए चांगले असते. त्या वनस्पती खाणारे सूक्ष्म प्राणी ते पुढे नेतात आणि कटल्याच्या तोंडी देतात. म्हणून खत घातलेल्या हिरव्या तळ्यातील मासा आणि सिमेंटच्या टाकीत गोळीखाद्यावर वाढलेला मासा यांच्या यकृतातील जनुके एकसारखी वागतील, असे गृहीत धरता येत नाही. मासे दाट सोडून बाहेरचे खाद्य जितके वाढवावे, तितका नैसर्गिक आहाराचा वाटा कमी होतो आणि तितका तेलाचा हिशेब महत्त्वाचा होतो.

खोळीचे म्हणाल, तर शेंगदाण्याच्या आणि सरकीच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल नसल्यातच जमा असते. त्यांत ओमेगा-६ गटातील लिनोलेइक आम्ल असते. कोंड्याच्या तेलात ते अगदी थोडे असते. शिवाय घाणीच्या पेंडीत काही टक्के तेल उरते, तर सॉल्व्हंटने तेल काढलेल्या पेंडीत आणि कोंड्यात सुमारे एक टक्काच उरते. मोहरीच्या तेलात ते साधारण दहा टक्के किंवा थोडे अधिक असते आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक. कार्प कुळातील माशांना आहारात लिनोलेइक आणि लिनोलेनिक अशी दोन्ही आम्ले हवीत. कॉमन कार्पसाठी प्रत्येकी सुमारे एक टक्का ही जुनी आणि टिकून राहिलेली शिफारस आहे. गुजरातेत सहज मिळणाऱ्या शेंगदाणा आणि कपासिया म्हणजे सरकीच्या खोळीवर पहिले मिळते आणि दुसरे जेमतेम मिळते.

येथे आणखी एक गुंता आहे. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या दोन्ही अठरा कार्बनवाल्या आम्लांवर तेच डेल्टा-६ विकर काम करते. त्याचा कल ओमेगा-३ कडे अधिक असतो हे खरे, पण लिनोलेइक आम्लाचा पूरच आला तर विकराचा बराचसा वेळ त्यातच जातो. म्हणजे जनुक वाढले, विकरही वाढले, तरी कच्चा माल चुकीचा असेल तर तयार होणारे मेदाम्ल ओमेगा-६ गटातले असू शकते. केवळ जनुक मोजून हे कळत नाही.

रावपुरेकर

माझा विषय संख्याशास्त्र आहे आणि मत्स्यशास्त्राचे अनेक विद्यार्थी आकडे घेऊन माझ्याकडे येत असत. ताईंनी त्या पत्रकात आणखी एक गोष्ट पाहावी. प्रत्येक खाद्याला किती टाक्या होत्या?

विद्यार्थी मला सांगत, "सर, प्रत्येक गटात तीस मासे आहेत." मी विचारत असे, "ते तीस मासे किती टाक्यांत होते?" उत्तर कधी तीन असे, आणि कधी एकच असे. खाद्य माशाला दिले जात नाही, ते टाकीला दिले जाते. एका टाकीतील दहा मासे तेच पाणी, तोच प्राणवायू, तेच तापमान आणि तीच भांडाभांडी अनुभवतात. म्हणून तीन टाक्यांतील तीस मासे म्हणजे तीसचा नमुना नव्हे, तो तीनचा नमुना आहे. एकेक टाकी असेल, तर दिसलेला फरक खाद्याचा की टाकीचा, हे कोणत्याही गणिताने वेगळे काढता येत नाही. ही चूक मी इतक्या वेळा आणि इतक्या प्रामाणिक मुलांच्या हातून झालेली पाहिली आहे, की प्रयोग सुरू होण्यापूर्वी कोणीतरी त्यांना हे सांगितले असते तर किती मासे आणि किती महिने वाचले असते, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी गोष्ट अनेक जनुके एकदम मोजण्याविषयी आहे. आता आरएनए-सीक्वेन्सिंगने यकृतातील सर्व जनुकांची एकदम मोजदाद होते. झेब्राफिशमध्ये प्रथिने घडवणारी सुमारे २६ हजार जनुके आहेत. कार्प त्याच्याच कुळातले, म्हणून उदाहरणासाठी तोच आकडा धरू. खाद्याचा काहीच परिणाम नसताना पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तरी १३०० जनुके निव्वळ योगायोगाने 'बदललेली' दिसतील. यावर उपाय आहेत आणि बेंजामिनी व हॉकबर्ग यांची १९९५ ची पद्धत सर्वत्र वापरली जाते. परंतु त्या १३०० मधून विक्रीला सोयीचे एक जनुक उचलून त्याचा स्तंभालेख छापला, तर वाचणाऱ्याला बाकीची दिसत नाहीत.

उणे_ऐंशी

मी आरएनएच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून तो तीनचा आकडा प्रत्यक्ष कसा निघतो त्याविषयी लिहिते.

करोनाच्या काळात आपण सर्वांनी आरटी-पीसीआर आणि 'सीटी व्हॅल्यू' हे शब्द ऐकले. माशाच्या यकृतातील जनुक मोजण्याची पद्धत मुळात तीच आहे. आरएनएपासून डीएनएची प्रत बनवली जाते, ती प्रत्येक फेरीत दुप्पट होत जाते, आणि ठरावीक उजेड दिसायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा म्हणजे सीटी. एक फेरी कमी लागली तर मूळ आरएनए दुप्पट होता. म्हणजे तीनपट फरक हा दीड-पावणेदोन फेऱ्यांचाच फरक असतो. पिपेटची मोठी चूक झाली किंवा आरएनए बराच खराब झाला, तर एवढा फरक पडू शकतो.

म्हणूनच हा आकडा कधीही एकटा वाचत नाहीत. सोबत एक संदर्भ जनुक मोजतात, जे खाद्य बदलले तरी बदलणार नाही असे मानलेले असते, आणि त्याच्याशी तुलना करून प्रमाण काढतात. लिव्हाक आणि श्मिटगेन यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी सर्रास वापरली जाते. पण 'मानलेले असते' हाच शब्द येथे धोक्याचा आहे. बीटा-ॲक्टिन हे आवडते संदर्भ जनुक आहे, आणि उपाशी माशात किंवा वेगाने वाढणाऱ्या माशात तेही बदलू शकते. संदर्भ खाली गेला की मोजायचे जनुक वर गेल्यासारखे दिसते. २००९ साली या मोजमापासाठी एमआयक्यूई नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. संदर्भ जनुक एकापेक्षा अधिक असावे आणि ते स्थिर असल्याचे त्याच प्रयोगात तपासलेले असावे, असा त्यांचा आग्रह आहे.

आता माझा स्वतःचा अनुभव. विद्यार्थिनी असताना मी एका प्रयोगातील रोहूची यकृते काढत होते. एका खाद्यगटाचे सर्व मासे सकाळी आणि दुसऱ्या गटाचे सर्व मासे दुपारी कापले. सकाळचे मासे रात्रभर उपाशी होते, तर दुपारच्या गटाला त्या दिवशी नेहमीच्या वेळी खाद्य पडले होते. मेद घडवणारी जनुके जेवणानंतर काही तासांत वर जातात आणि उपवासात खाली येतात, हे मी पुस्तकात वाचले होते, तरी कापण्याचा क्रम आखताना ते माझ्या लक्षात आले नाही. शिवाय उन्हाळ्याच्या दुपारी बर्फ वितळत होता आणि शेवटची काही यकृते द्रव नायट्रोजनमध्ये जाण्यापूर्वी बराच वेळ उघडी राहिली. यकृतात आरएनए तोडणारी विकरे भरपूर असतात. फॅटी ॲसिड सिंथेज या मेद घडवणाऱ्या जनुकात मला सुरेख फरक मिळाला, पण तो खाद्याचा होता की घड्याळाचा, हे मला आजही सांगता येणार नाही. तो भाग मी प्रबंधातून काढून टाकला. आठ आठवडे ज्यांना वाढवले ते मासे त्या एका दिवसाने वाया गेले, याची खंत मला अजून आहे.

म्हणून ताई, पत्रकात नमुने शेवटच्या खाद्यानंतर किती तासांनी घेतले हे लिहिले आहे का, तेही पाहा.

दांडियाबजार

सर्वांचे मनापासून आभार. मी पत्रक पुन्हा भिंग घेऊन वाचले. स्तंभालेखाच्या खाली बारीक अक्षरांत तीन ओळी आहेत. तुलनेच्या खाद्यात माशाचे तेल होते, आणि कंपनीच्या खाद्यात जवस आणि सोयाबीन यांचे मिश्र तेल आहे. मासे प्रत्येक गटात तीस होते, टाक्यांची संख्या दिलेली नाही. मांसातील मेदाम्लांचा कोठेही उल्लेख नाही, आणि नमुने किती तासांनी घेतले हेही नाही.

म्हणजे 'मत्स्यपोषण' यांनी सांगितले तसेच निघाले. माशाचे तेल काढून घेतल्यावर यकृताने जी धडपड केली, तीच येथे गुण म्हणून छापली आहे. मला हे वाचून वाईट वाटले, कारण स्तंभालेख खोटा नाही. त्यावरून काढलेला अर्थ मात्र मूळ गोष्टीच्या उलट आहे.

एक प्रश्न उरतो. इतके धोके असतील, तर खाद्य आणि जनुके यांचा हा अभ्यास करावाच कशाला? मांसातील मेदाम्लेच मोजली तर पुरे नाही का?

मत्स्यपोषण

गिऱ्हाइकाला काय सांगायचे एवढाच प्रश्न असेल, तर मांसातील मेदाम्ले मोजणे पुरे आहे. मात्र मासा असे का वागतो आणि ते बदलता येईल का, हा प्रश्न असेल, तर जनुकांकडे वळावे लागते. मी माझे काम याच कारणासाठी केले आणि ते मला आजही मोलाचे वाटते.

कॉड माशाचे उदाहरण घ्या. त्याच्याजवळ डेल्टा-६ चे जनुक आहे आणि त्यापासून बनणारे विकर काम करू शकते. तरीही वनस्पती तेलावर ठेवलेला कॉड सामनसारखा प्रतिसाद देत नाही. संशोधकांनी दोन्ही माशांच्या जनुकाच्या अगोदरचा नियंत्रक भाग शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा सामनमध्ये एसपी-१ नावाच्या प्रथिनाला बसण्याची जागा दिसली, आणि कॉडमध्ये ती नव्हती. दोष यंत्रात नसून ते चालू करणाऱ्या बटणात होता. हे मेदाम्ले मोजून कधीच उलगडले नसते.

दुसरे उदाहरण निवड पद्धतीच्या पैदाशीचे आहे. एकाच वनस्पती तेलावर वाढलेल्या सामनच्या वेगवेगळ्या कुटुंबांत मांसातील दीर्घ साखळीच्या ओमेगा-३ चे प्रमाण वेगळे निघते, आणि हा फरक मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असतो. म्हणजे कमी माशाच्या तेलावर चांगले मांस देणारी वाणे निवडून काढता येतील. आपल्याकडे रोहूची निवड पद्धतीने पैदास नॉर्वेच्या सहकार्याने झाली आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेचा 'जयंती रोहू' १९९७ मध्ये आला. तेथे निवड वाढीच्या वेगासाठी होती. मेदासाठी अशी निवड करायची झाली, तर कोणते जनुक पाहायचे हे आधी माहीत असावे लागेल.

जनुक खरोखर ते काम करते का, हेही आता थेट तपासता येते. नॉर्वेमध्ये सामनच्या अंड्यांत क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने इलाँगेज-२ चे जनुक निकामी केले, तेव्हा त्या माशांत डीएचए घटले आणि त्याच वेळी एसआरईबीपी-१ वर गेले. हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुटवडा झाला की नियंत्रक वर जातो, ही साखळी तेथे आहार न बदलता, एका जनुकाला हात लावून दिसली.

आणि जनुकाचा आरएनए न वाढताही विकराचे काम वाढू शकते, याचे सुंदर उदाहरण कार्पमध्येच आहे. पाणी थंड झाले की कार्प आपल्या पेशीपटलांतील मेद पातळ ठेवण्यासाठी डेल्टा-९ डिसॅच्युरेजचे काम वाढवतो. लिव्हरपूलच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले की, थंडीत प्रथम, अगोदरच तयार असलेले सुप्त विकर कामाला लागते आणि नंतर जनुकाचा आरएनए वाढतो. म्हणून बडोद्याच्या जानेवारीतील नमुने आणि मे महिन्यातील नमुने एकाच स्तंभालेखात शेजारी ठेवू नयेत. जानेवारीत तळ्याचे पाणी थंड असते, रोहूचे खाणे उतरते, आणि दोन्ही कारणांनी यकृतातील मेदाची जनुके बदलतात.

तळेवाला

ताईंच्या भावाला माझे एक सांगणे आहे. खाद्य घ्यायचे की नाही ते त्याने ठरवावे. मात्र एका तळ्यात नवे आणि दुसऱ्यात जुने खाद्य घालून तुलना करू नये. मी एकदा तसे केले होते. एका तळ्याला कालव्याचे पाणी येत होते आणि दुसऱ्याला बोअरचे. मासे वेगळे वाढले आणि मला काहीच कळले नाही.

रावपुरेकर

अगदी बरोबर. दोन तळी म्हणजे प्रत्येक खाद्याला एकेकच नमुना. त्याऐवजी एकाच तळ्यात जाळीचे सहा हापे, म्हणजे पाण्यात टांगलेले कप्पे, बांधावेत. तीन हाप्यांत नवे खाद्य आणि तीनमध्ये जुने. कोणत्या हाप्यात कोणते, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, सोयीने ठरवू नये. जाळीतून तळ्याचे हिरवे पाणी सर्वांना सारखेच मिळेल, म्हणून तळेवाला यांनी सांगितलेला नैसर्गिक आहारही प्रयोगात राहील. तीन ही संख्या लहान आहे आणि बारीक फरक तिने दिसणार नाही. परंतु तीनपट ओमेगा-३ असा दावा असेल, तर तेवढा मोठा फरक दिसायला हवा.

उणे_ऐंशी

आरएनएच्या मागे लागू नका. प्रत्येक हाप्यातून पाच मासे एकाच सकाळी काढा, एका खाद्याचे आधी आणि दुसऱ्याचे नंतर असे न करता आलटून पालटून काढा, आणि पाठीकडच्या मांसाचे सारख्या जागेवरचे तुकडे बर्फात ठेवा. गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मेदाम्ले वेगळी करून मोजण्याची तपासणी, करणाऱ्या प्रयोगशाळेला 'ओमेगा-३ किती' असे विचारू नका, कारण त्या एका आकड्यात जवसाचे अठरा कार्बनवाले आम्लही मोजले जाते आणि मासा जवसाचे तेल खाऊन ते जसेच्या तसे मांसात साठवतो. ईपीए, डीएचए आणि अल्फा-लिनोलेनिक असे तीन वेगळे आकडे मागा, तेही शंभर ग्रॅम मांसामागे मिलिग्रॅममध्ये. केवळ टक्केवारी दिली, तर मासा किती मेदाळ आहे हे त्यातून कळत नाही.

दांडियाबजार

भावाशी बोलले. तो तयार आहे. नव्या खाद्याची दोनच पोती घेणार आहे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सर्व हाप्यांत एकाच दिवशी, वजन करून सोडायची असे ठरले आहे. होळीनंतर पाणी तापू लागले की सुरुवात करायची आणि साठ दिवसांनी नमुने घ्यायचे. चिठ्ठ्या माझी नात टाकणार आहे. विक्रेत्यालाही फोन केला होता. टाक्या किती होत्या हे त्याला ठाऊक नव्हते, पण विचारून कळवतो असे तो सौजन्याने म्हणाला.

एक विचारायचे राहिले. जवसाचे तेल असलेले खाद्य साठ दिवस पोत्यात ठेवले, तर खवट होणार नाही का?

मत्स्यपोषण

होईल. लिनोलेनिक आम्लात तीन दुहेरी बंध असतात, त्यामुळे ते हवेने आणि उष्णतेने लवकर बिघडते, आणि खवट तेलाने माशाच्या यकृताला इजा होते. दोन्ही पोती एकदम आणू नका. एक आता आणा आणि दुसरे तीस दिवसांनी. पोत्यावरील उत्पादनाची तारीख पाहून घ्या, तोंड घट्ट बांधा, आणि पत्र्याच्या खोलीत न ठेवता सावलीत, जमिनीपासून उंचावर, फळीवर ठेवा. जुने खाद्यही त्याच खोलीत आणि तसेच ठेवा, म्हणजे साठवणीचा फरक तुलनेत शिरणार नाही.